सात, चार, चार, शून्य

पाचव्या मजल्यावर दोघं तरुण आत शिरले, गळ्यात ओळखपत्रं, आणि त्यातल्या एकाने मोबाइलवरून मोठ्याने वाचलं, “‘सात, चार, चार, शून्य. अहो, ती त्याची सहीच होती.’ बघ, जुना सहकारीच सांगतोय. आता कुठे जातो तो!” मी लिफ्टच्या कोपऱ्यात गुडघे टेकून दाराखालची खाच साफ करत होतो. हातातला ब्रश तसाच राहिला. दुसरा म्हणाला, “कसला भारी माणूस असेल ना? आणि राहतो कुठे, तर दोन खोल्यांत.” दोघं हसले आणि आठव्यावर उतरून गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. लिफ्टमध्ये तपासनीस बसलेला असला की लोक त्याला लिफ्टचाच एक भाग समजतात, आणि एरवी मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. त्या दिवशी मात्र मी देवाचे आभार मानले. वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझा, तो ‘अहो’सुद्धा. बायको नेहमी म्हणते की मी दर दुसऱ्या वाक्याला एक अहो जोडतो, रस्त्यावरच्या खांबाशी बोललो तरी जोडेन. तोच अहो आता छापून आला होता आणि कुणाच्या तरी तोंडून परत माझ्या कानात पडत होता. लिफ्ट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मला उतरायचं होतं दहाव्यावर, पण मी खाच पुसत राहिलो, जी केव्हाच स्वच्छ झाली होती. शेवटी तपासणीच्या कार्डावर तारीख घातली आणि सही केली. या शहरातल्या एकशे बारा लिफ्टमध्ये माझं नाव टांगलेलं आहे आणि ते आजवर कुणी वाचलेलं नाही, असं मी विनोदाने सांगत असे. एका बाईने वाचलं होतं. तिथूनच सगळं सुरू झालं.

बारा वर्षांपूर्वी कुणीतरी एक नाणं काढलं. नाणं म्हणायचं आपलं. हातात धरता येत नाही, त्यावर कुणाचं मुंडकं नाही, त्यामागे बँक नाही, सरकार नाही. जगभरच्या संगणकांवर नोंदी होतात, आणि लोकांचा विश्वास आहे तोवर ते नाणं. ज्याने काढलं त्याने प्रोग्राम लिहिला, सोबत सहा पानांचं स्पष्टीकरण लिहिलं, खाली ‘क्ष’ एवढंच लिहिलं, सगळं फुकट जगापुढे ठेवलं आणि दोन वर्षांनी बोलायचा बंद झाला. पहिली काही लाख नाणी त्याच्याच नावावर आहेत. त्यांना त्याने अजून हात लावलेला नाही. आज त्यांच्यात एखादा छोटा देश वर्षभर चालेल असं म्हणतात, आणि ती उघडायची किल्ली म्हणजे काही शब्द, जे फक्त क्षला ठाऊक. आता सांगा, असा माणूस कोण हे कळलं तर त्याच्या दारात कोण कोण येईल? ही गोष्ट पाचवीतल्या पोरालाही सुचेल. मला सुचली होती, हेच तर सांगायचं आहे. तर त्या प्रोग्राममध्ये पहिल्या खऱ्या नोंदीआधी एक रिकामी फेरी होती. काहीच करत नव्हती. चार आकडे घेऊन फिरून यायची आणि मग काम सुरू व्हायचं. सात, चार, चार, शून्य. जगभरच्या शहाण्यांनी त्यावर डोकी फोडली. कुणी म्हणे जन्मसाल, कुणी म्हणे कुठल्याशा डोंगराची उंची. आणि एके दिवशी कुणाला तरी एका पाडायला काढलेल्या इमारतीच्या लिफ्टच्या जुन्या नियंत्रण पेटीत तेच चार आकडे सापडले, तशीच रिकामी फेरी, तशीच कामाआधी. एक पत्रकार बाई ती इमारत बघायला गेली. पेटीशेजारी कार्ड होतं. कार्डावर माझं नाव होतं आणि फोन नंबर होता.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण एका लांबट खोलीत बसून लिफ्टचे प्रोग्राम लिहीत होतो. खोलीला एकच खिडकी, तीही फोरमनच्या मागे, त्यामुळे बाहेर काय हवा आहे ते फोरमनच्या खांद्यांवरच्या उजेडावरून ओळखायचं. लिफ्ट चालू केली की माणसं घेण्याआधी ती एकदा रिकामी फिरवायची, वरून खाली, ठरलेल्या मजल्यांवर थांबत, हा आमचा नियम. सात, चार, शून्य. त्या वेळी चार एकदाच होता. माझ्या शेजारच्या टेबलावर मौनी बसायचा. दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलायचा म्हणून मौनी. आणि बोलायचा ती कामाची. मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, नोकरीत कच्चा, आणि तोंडाने त्याच्या दसपट. एका नव्या इस्पितळाची लिफ्ट मी लिहिली होती. आदल्या दिवशी काहीतरी तपासायला म्हणून चौथ्या मजल्याचं बटण पहिल्यांदा दाबलं तर विसरायचं, दुसऱ्यांदा दाबलं तरच ऐकायचं, असं मी करून ठेवलं होतं आणि ते परत बदलायचं राहून गेलं. ताबा द्यायच्या दिवशी लिफ्टमध्ये आमचे साहेब, इस्पितळाचे मालक, दोन डॉक्टर, मौनी आणि मी. साहेबांनी ऐटीत चार दाबला. लिफ्ट ढिम्म. कुणीतरी खोकलं. साहेबांनी पुन्हा दाबला, लिफ्ट निघाली, आणि साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “हे कुणाचं काम?” माझी पाचावर धारण बसली. मला आठवतं, समोरच्या पत्र्यात माझा चेहरा लांबट दिसत होता आणि मी त्याच्याकडेच बघत होतो. तेव्हा मौनी बोलला. “मुद्दाम केलंय साहेब. चौथ्यावर शस्त्रक्रियेची खोली आहे. कुणाचा चुकून हात लागला तर लिफ्ट थेट तिथे जायला नको.” मालक खूश. “वा, इतका विचार!” म्हणत त्यांनी माझी पाठ थोपटली. साहेबांनीही थोपटली. मौनी पुन्हा गप्प. त्याने माझी नोकरी वाचवली आणि त्यानंतर कधी, कुठल्याही भांडणात, चुकूनसुद्धा, ते बोलून दाखवलं नाही. फक्त पुढच्या आठवड्यात त्याने आपल्या रिकाम्या फेरीत आणखी एक चार घातला. सात, चार, चार, शून्य. खोलीत हसून हसून मुरकुंडी वळली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनीच घातला, फोरमनसकट. आणि मला नाव पडलं डबल. डबल, चहा आला. डबल, दोनदा हाक मारल्याशिवाय ऐकू येत नाही का रे? मी हसायचो. हसायचो आणि उत्तर द्यायचो नाही. त्या नावाला मी उभ्या जन्मात कधी ओ दिली नाही. पुढे कंपनी बुडाली, खोलीतली माणसं पांगली, पण तोवर ते चार आकडे इतके अंगवळणी पडले होते की नव्या माणसाला त्यामागचं कारणही कुणी सांगत नव्हतं. किती पेट्यांमधून ते कुठे कुठे गेले असतील, कुणी कुणी त्या उघडून वाचल्या असतील, देव जाणे. क्ष आमच्यातला असेल. नसेलही. मला ते तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही.

पत्रकार बाईने मला एका हॉटेलात बोलावलं. काचेला लागून टेबल होतं. माझ्या बायकोच्या वयाची बाई, केस बारीक कापलेले, बोलणं हळू. तिने ध्वनिमुद्रणाचं यंत्र मध्ये ठेवलं आणि विचारलं, “चालेल ना?” मग ती ऐकू लागली. हे मला नीट सांगता येणार नाही. घरी मी बोलायला लागलो की मुलगी कानात इअरफोनची बोंडं घालते आणि बायको भाजी चिरते. ऑफिसात वरचा साहेब माझं वाक्य अर्ध्यात तोडून स्वतः पूर्ण करतो, तेही चुकीचं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी एक माणूस माझं वाक्य संपेपर्यंत थांबत होतं आणि संपल्यावरही क्षणभर थांबत होतं, आणखी काही असेल म्हणून. त्या क्षणभरात मी काहीही देऊन टाकलं असतं. तिने विचारलं, “ही सवय नेमकी कुणाची?” मी म्हटलं मौनीची. त्याचं खरं नाव सांगितलं, तो आता गणित शिकवतो ते कॉलेज सांगितलं. त्याने ती सुरू केली हे तर खरंच होतं, आणि मी खोटं बोललो नाही असं मनाला समजवायला तेवढं पुरत होतं. पण ती कामाची बाई होती. तिने पुढचा प्रश्न विचारला. “आणखी कुणी वापरायचं का हे?” बस. इथे मी थांबलो. चमचा उचलला, बशीत ठेवला. वापरायचं म्हटलं असतं तर ती विचारणार होती, का? दुसरा चार कुठून आला? मग इस्पितळ आलं असतं, बटण आलं असतं, साहेबांनी दोनदा दाबलेलं बोट आलं असतं, डबल आला असता. जगभर वाचल्या जाणाऱ्या लेखात मी कोण? तर ज्याच्या वेंधळेपणावरून तो आकडा पडला तो. नाही, तिच्यासमोर मी वेगळाच कुणीतरी झालो होतो, जाणकार, मोजकं बोलणारा, थोडाफार मौनीसारखाच. “नाही,” मी म्हटलं, “एकटाच. सात, चार, चार, शून्य. अहो, ती त्याची सहीच होती.” तिने लिहून घेतलं. मग निघताना मी तिला म्हणालो, आणि हे मला रोज सकाळी दात घासताना आठवतं, मी म्हणालो, “माझं नाव मात्र घालू नका हं. उगाच माझ्यामागे कुणी लागायला नको.” ती म्हणाली, “तुमची ओळख सुरक्षित राहील.” मला बरं वाटलं. म्हणजे धोका मला कळत होता. स्वतःपुरता अगदी लख्ख कळत होता. मौनीच्या दारापर्यंत तो जाईल हे डोक्यात आलं नाही असंही नाही. आलं, आणि मी त्याच्याकडे पाहिलं नाही. घरी जाताना मुलीसाठी रंगीत पेन घेतली.

लेख आला तेव्हा पहिले दोन दिवस मौनीच्या कॉलेजात नुसती गंमत चालली. फळ्यावर कुणी नाण्याचं चित्र काढलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या घरासमोर गाड्या लागल्या, कॅमेरे लागले, आणि तो ‘मी नाही’ म्हणाला. क्ष असता तर काय म्हणाला असता? हेच. म्हणून कुणी ऐकलं नाही. मी टीव्हीवर पाहिलं, त्याने दार अर्धं उघडलं, हातात पिशवी होती, दोन वाक्यं बोलला आणि दार लावून घेतलं. अभिनय बघा, असं खाली कुणीतरी लिहिलं होतं. नवव्या दिवशी दुपारी दोघं जण पार्सल घेऊन आले. मौनीने सही करायला पेन घेतलं आणि ते आत शिरले. त्यांना किल्लीचे शब्द हवे होते. मौनीने त्यांना होते नव्हते तेवढे सगळे परवलीचे शब्द दिले. वीजबिलाचा, ग्रंथालयाचा, मुलीच्या वसतिगृहाचा, कॉलेजच्या हजेरीचा. ते प्रत्येक शब्द घालून बघत होते आणि उघडलं नाही की एक बोट मोडत होते. उजव्या हाताची तीन. मग खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आवाज कसला म्हणून दार वाजवलं आणि ते पळाले. हे सगळं मला मौनीनेच सांगितलं, माझ्याच घरात बसून. इस्पितळातून तो सरळ माझ्याकडे आला होता, पाठीला एक पिशवी, हात पांढऱ्या गाठोड्यात, बुटांच्या लेस सुटलेल्या. दारातच म्हणाला, “चार दिवस राहू? पोरगी परीक्षेत आहे, तिच्याकडे जायला नको. तुझ्याकडे कुणी शोधणार नाही.” मी म्हटलं, “अरे, विचारतोस काय!” बायकोने त्याची पिशवी घेतली. मी खाली बसलो आणि त्याचे बूट काढले, कारण त्याला वाकता येत होतं पण एका हाताने गाठ सोडता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी पोलिसांकडे जायचं होतं, तेव्हा मीच लेस बांधल्या. मग ते रोजचंच झालं. रोज सकाळी मी त्याच्या पायाशी बसायचो. तो वरून म्हणायचा, “जरा सैल. पाय सुजतात.” जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात; मी त्या जमिनीवरच बसलेला असायचो आणि ती काही दुभंगत नव्हती.

तो घरात होता तेवढे दिवस मी खूप चांगला वागलो. इतका चांगला की माझा मलाच कंटाळा आला. उशी बदलून दे, पाणी कोमट कर, पंखा कमी कर. मौनी संकोचायचा. मुलगी त्याच्याकडे गणितं घेऊन बसायची आणि तो डाव्या हाताने वेडेवाकडे आकडे काढून तिला समजावायचा. माझ्याशी बोलताना बोंडं घालणारी ही पोर त्याच्यासमोर हनुवटीला हात लावून तासभर बसे. बायको एकदा भांडी लावता लावता म्हणाली, “ज्याने हे सांगितलं ना, त्याच्या जिभेला काही हाड? एका माणसाला जन्मातून उठवलं. रात्री झोप कशी लागत असेल त्याला?” मौनी म्हणाला, “त्याला कळलं नसेल, वहिनी. माणूस बोलून जातो.” मी पेपर उघडला. पेपर कालचा होता. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं माझं झालं होतं. मौनी नुसता माझ्याकडे बघून हसला तरी मला वाटायचं, याला ठाऊक आहे. मग मी त्याच्या चेहऱ्यात शोधत बसायचो. तिथे काहीच नसायचं. बोटं दुखतात एवढंच असायचं. मनात सारखे हिशेब चालत. सांगितलं तर काय होईल? मौनी निघून जाईल. बरं, जाऊ दे. पण नुसतं मौनीला सांगून भागणार नव्हतं. तो सुटायचा तर जगाला कळायला हवं होतं की आकडे अकरा जणांचे होते आणि दुसरा चार माझ्यामुळे पडला. आणि हे जगाला कळलं की जगाचं बोट सरळ माझ्याकडे वळणार. अरेच्चा, तो चार याचा? मग हाच नसेल कशावरून? संशयाला बसायला एक दार लागतं. एक बंद झालं की तो दुसरं शोधतो. माझ्या दारामागे माझी मुलगी होती. हे कारण खरं होतं, पण ते मला जरा उशिराच सुचलं होतं, आणि सुचल्यावर हायसं वाटलं होतं, हेही खरं.

आमच्याकडे आल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी मौनी जेवणाच्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, “माझ्या वकीलबाई म्हणतात, खोलीतल्या सगळ्यांकडून लिहून आणा. आकडे सगळेच वापरायचे, एवढं प्रत्येकाने सहीनिशी लिहून दिलं की पुरे. तू लिही, मला पेन धरता येत नाही.” मी मुलीची वही घेतली, रंगीत पेनातलंच एक घेतलं, हिरवं. तो आठवून आठवून सांगत होता आणि मी लिहीत होतो. फोरमन, वारले, पण त्यांच्या मुलाकडे जुन्या वह्या असतील. लंबू. थोरला आणि धाकटा, ते दोघे भाऊ. टायपिस्टबाई, त्यांनी पुढे प्रोग्राम शिकून घेतला होता. चष्मेवाला. वरच्या पट्टीत गाणारा तो. घड्याळ विसरणारा. खोकल्या, तोही आता नसेल. दहावा मौनी स्वतः. मी दहाचा आकडा घालून त्याचं नाव लिहिलं आणि पेन तसंच धरून ठेवलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मी म्हटलं, “अकरावा?”

“अकरावा तू. तुझं काय लिहायचंय? तू घरचाच,” मौनी म्हणाला. “पोलिसांनी विचारलं, या अकरांतल्या कुणी सांगितलं असेल? मी पहिलं तुझं नाव खोडायला लावलं. म्हटलं, उरलेल्यांत शोधा.”

मी अकराचा आकडा घातला. त्यापुढे माझं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, कार्डावर लिहितो तसं. मग म्हटलं, “त्या बाईला मी सांगितलं.” आवाज इतका साधा आला की मला वाटलं, त्याला ऐकूच गेलं नसेल, आणि मी पुन्हा म्हटलं, “तो जुना सहकारी मी.”

त्याने डाव्या हाताने वही आपल्याकडे वळवली. मग म्हणाला, “आपण अकरा जण होतो, हे सांगितलंस तिला?”

“नाही.”

“का?”

“मग दुसरा चार कुठून आला ते सांगावं लागलं असतं. इस्पितळ. डबल. सगळंच.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. मुलीचं गणित तपासताना उत्तर चुकलेलं दिसलं की तो पुन्हा वरून वाचायला लागायचा, तसं तो माझा चेहरा पुन्हा वरून वाचत होता. “एवढ्यासाठी?” तो म्हणाला. थोडं थांबून पुन्हा म्हणाला, “एवढ्यासाठी?” मी मान खाली घातली. टेबलावर त्याचा हात होता, पांढऱ्या गाठोड्यातून दोनच बोटं बाहेर, अंगठा आणि करंगळी. मला माफ कर असं म्हणायचं मनात होतं, पण तो शब्द तोंडात आणवेना. इतक्या दिवसांत मी त्याला पाणी दिलं, उशी दिली, बूट घातले, ते सगळं माफी मागायचं टाळण्यासाठीच चाललं होतं, हे मला त्या वेळी कळलं. तो उठला. आत जाऊन एका हाताने पिशवी भरू लागला. मी दाराशी बूट मांडले आणि सवयीने खाली बसलो. त्याने बुटात पाय घातला. मी लेसला हात लावला तेव्हा त्याने पाय मागे घेतला. ओढून नाही, झटकून नाही, नुसता मागे घेतला. तसाच निघाला. स्वयंपाकघरातून बायको आली आणि म्हणाली, “अहो भावजी, लेस! पडाल.” तो म्हणाला, “असू दे, वहिनी.” लिफ्ट आली, तो आत गेला, दार लागलं. आमच्या इमारतीच्या लिफ्टची तपासणीही माझ्याकडेच आहे. ती खाली पोचेपर्यंत मी आकडे बदलताना बघत उभा होतो, आणि लेस दारात अडकली तर, एवढीच काळजी मला वाटत होती.

बायकोला सांगायला मी खुर्ची ओढली. ती म्हणाली, “बसू नका. मला ठाऊक आहे.” मी खुर्ची पुन्हा आत सरकवली. “लेख वाचला तेव्हाच कळलं. तो अहो तुमच्याशिवाय कुणाचा असणार? म्हटलं, बघू, स्वतःहून कधी सांगतात. भांडी लावताना बोलले ते काय भांड्यांना ऐकवत होते?” तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज नीट होता. “त्यांचे बूट बांधताना तुम्हाला रोज बघत होते मी. वाटायचं, आज सांगतील. आज सांगतील.” इतके दिवस ती माझ्यासाठी पोळून निघत होती आणि मला वाटत होतं, मी किती छान लपवलंय. मी तिला म्हटलं की आता त्या बाईला फोन करून सगळं सांगणार आहे, नावानिशी. तिने विचारलं, “आणि मग ते पार्सलवाले इथे आले तर?” मी दाराकडे पाहिलं. ती म्हणाली, “सांगा. सांगायलाच हवं. पण पोर इथे नको.” संध्याकाळी तिने दोन बॅगा भरल्या आणि मुलीला घेऊन आपल्या ताईकडे गेली. मुलगी जाताना म्हणाली, “बाबा, काका माझं शेवटचं गणित अर्धंच ठेवून गेले.” मी म्हटलं, मी बघतो. मला काही ते सुटलं नाही.

पत्रकार बाईने या वेळीही शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुम्ही तेव्हा स्पष्ट नाही म्हणाला होतात. माझ्याकडे ध्वनिमुद्रण आहे.” मी म्हटलं, तेही छापा. “आणि हे लक्षात येतंय ना,” ती म्हणाली, “की लोक आता म्हणतील, क्ष तुम्हीच. इतके दिवस दुसऱ्याचं नाव पुढे केलंत म्हणून तर जास्तच म्हणतील. मी तुमची ओळख अजूनही झाकू शकते.” गंमत बघा, जगात कुणाची ओळख झाकावी आणि कुणाची उघडी करावी, हे ठरवायचा हक्क मी एका चहाच्या कपावर हातात घेतला होता, आणि आता तोच हक्क ती मला पुन्हा ताटात वाढून देत होती. मी म्हटलं, “नाव घाला. टोपणनावही घाला.” तिने विचारलं, “कोणतं?” बावीस वर्षांत मी ते पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने उच्चारलं. इस्पितळ सांगितलं, बटण सांगितलं, साहेबांचं बोट सांगितलं, मौनीने कसं सांभाळून घेतलं ते सांगितलं. ती मध्येच हसली. मग म्हणाली, “माफ करा.” मी म्हटलं, हसा की, त्या खोलीतही सगळे हसायचे, आणि त्यात काही एक वाईट नव्हतं.

लेख काल आला. मौनीच्या घरासमोरच्या गाड्या गेल्या, असं वकीलबाईंनी कळवलं. तो कुठे आहे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या लेखाखाली लोकांनी लिहिलं आहे: हाच तो. बघा, किती साळसूद. लिफ्टमध्ये लपून बसला होता बारा वर्षं. ऑफिसने मला घरी राहायला सांगितलं आहे. आज सकाळपासून मी जेवणाच्या टेबलाशी बसून आहे, समोर मुलीची वही, हिरव्या अक्षरात अकरा नावं. दहा नावांना मी स्वतः फोन केले. जी माणसं हयात आहेत त्यांनी लिहून द्यायचं कबूल केलं. लंबू म्हणाला, “तू केलंस हे?” आणि फोन ठेवून दिला, पण अर्ध्या तासाने मोबाइलवर त्याचं सही केलेलं पत्र आलं. मौनीचा फोन लागला नाही. अकराला उन्हं टेबलावर आली. पलीकडच्या घरात कुणीतरी मिक्सर लावला, बंद केला. मग लिफ्ट वर येताना ऐकू आली. आमच्या मजल्यावर थांबली. दार उघडलं, पावलं आली, दोन माणसांची असावीत, आणि बेल वाजली. मी जागेवरून हललो नाही. घरात कुणी नाही असं समजून जातील, असं वाटलं. कुणी नाही असं समजायला लावणं मला चांगलं जमतं. बेल दुसऱ्यांदा वाजली. मी उठलो आणि दाराशी गेलो. पलीकडून एक अनोळखी आवाज म्हणाला, “पार्सल आहे.” कागदाची सळसळ झाली. मग तोच आवाज, जरा हसून, म्हणाला, “डबल म्हणतात ते आपणच ना?”

माझा हात कडीवर होता.

“हो,” मी म्हटलं. “मीच तो.”